फणस बाजारात पोचेपर्यंत

अक्का,

तुमच्या जाण्याने या शहराच्या संगीतविश्वात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. हे वाक्य आपल्या बेंगळुरातल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं. तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी त्यांनी ते व्हॉट्सॲपवर टाकलं आणि त्याखाली संध्याकाळपर्यंत जोडलेले हात येत राहिले. पोकळी कुठे आहे हे मला नेमकं ठाऊक होतं. राजाजीनगरात, मंडळाच्या इमारतीतली मागची खोली, दर शनिवारी साडेचार ते साडेपाच. पुढच्याच शनिवारी ती झुंबाच्या वर्गाने भरून काढली.

तुम्ही यावर रागावला नसता. "सरी, त्यांना तरी घाम येऊ दे," असं काहीतरी, 'बरं'च्या जागी कन्नड 'सरी' ठेवून, म्हणाला असता. संगीतविश्व वगैरे शब्द ऐकून मात्र तुम्ही मागे वळून बघितलं असतं, की हे कोणाबद्दल चाललंय. पाच ते आठ वर्षांच्या चौदा मुलांना एकत्र गाताना लयीत पुढे पळू द्यायचं नाही, एवढंच तुमचं काम होतं. त्यांनी सुरात गावं अशीही तुमची अट नव्हती. "सूर येतो मागून, वयाबरोबर, मिशीसारखा. लय आत्ता धरली नाही तर पुढं नुसती धावाधाव." मुलींच्या मिशीचं काय, असं मी विचारलं होतं. तुम्ही मला पेटी पुसायला सांगितली.

आपली ओळख त्या पेटीमुळेच. मंडळाच्या फलकावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी होती: पेटी वाजवणारा हवा, फार चांगला नको. इतकी माझ्या मापाची जाहिरात मी आयुष्यात वाचली नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मारतहळ्ळीहून दीड तास बसमध्ये घालवून मी आलो. तुम्ही सतरंजी झटकत होता.

"कुठले?"

"कराडचा."

"म्हणजे पुण्याकडचे."

"नाही अक्का, कराड पुण्यापासून बरंच..."

"इथून बघितलं तर एकाच बाजूला की. बेंगळुरात कधी आलात?"

"बावीस वर्षं झाली."

"आमच्या घराण्याला साडेतीनशे झाली. बसा."

मी बसलो. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं, म्हणून खुर्चीवर, आणि पेटी समोरच्या टेबलावर. तेव्हापासून सात वर्षं मी तिथेच बसलो. तुमच्यासाठी मी 'पुणेकर' झालो, आणि काही महिन्यांनी 'तुम्ही'चा 'तू' झालो. कराडच्या माणसाला पुणेकर म्हणवून घ्यायला काय वाटतं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगतो: पहिली दोन वर्षं वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी तुम्ही पिशवीतून करवंट्या काढल्या तेव्हा मला वाटलं होतं, हस्तकला आहे. चौदा अर्ध्या करवंट्या, काचकागदाने घासून गुळगुळीत केलेल्या. मुलं गोल बसली. प्रत्येकाने आपल्या समोरची करवंटी उचलायची आणि उजवीकडच्याच्या समोर ठेवायची, टक्क. तेवढ्यात डावीकडच्याने आपल्यासमोर ठेवलेली असते, ती उचलायची, पुन्हा टक्क. आणि हे करताना गायचं. एखादं मूल घाईत असलं की शेजाऱ्यापुढे दोन करवंट्या साचतात, आणि पुढच्या क्षणी तीन. मग पलीकडे कोणाच्या तरी हाताला नुसती सतरंजी लागते आणि तो रडवेला होतो. तुम्हाला कोणावर ओरडावं लागायचं नाही. कोण पळालं ते जमिनीवर दिसायचं.

"बेळ्ळंदूर झालं बघा!" तुम्ही म्हणायचात. सगळी मुलं हसायची, साचलेल्या करवंट्या ज्याच्या त्याच्याकडे जायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही स्वतः बेळ्ळंदूरला एकदाच गेला होता, कोणाच्या तरी वास्तुशांतीला, आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकून, जेवणाच्या वेळेला निघून चहाच्या वेळेला पोचला होता. त्या प्रवासाचा इतका शैक्षणिक उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.

टाळ्या मात्र तुमच्या वर्गात बंद. मला हे पटत नव्हतं. ताल म्हणजे टाळी, हे आम्ही लहानपणापासून शिकलेलो.

"टाळी वाजवून बघ," तुम्ही म्हणालात. "काय होतं?"

"आवाज होतो."

"मजा येते. मजा आली की मूल पळतं. करवंटीला शेजारी लागतो. शेजारी तयार नसला तर काय करशील? थांबशील की नाही?"

थांबलो असतो, हे मला मान्य करावं लागलं. शेजाऱ्यासाठी थांबणं ही गोष्ट मी ऑफिसात एकवीस वर्षांत शिकलो नव्हतो.

गाणं एकच. तुम्हीच रचलेलं, तुम्हीच चाल लावलेली, आणि मुलं बदलली तरी सात वर्षं तेच.

फणस निघाला बाजाराला,
हळू रे फणसा, हळू.
चढण लागली, दम लागला,
हळू रे फणसा, हळू.

अशी सहा कडवी. शेवटच्या कडव्यात फणस बाजारात पोचतो तेव्हा बाजार उठलेला असतो. मी म्हटलं होतं, अक्का, हे मुलांसाठी जरा निराशाजनक नाही का? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "पोचला ना?" या एका मुद्द्यावर आपण निदान वीसदा भांडलो असू. बाजारच नसेल तर पोचण्याला काय अर्थ, असं मी म्हणायचो, आणि तुम्ही म्हणायचात की फणसाला विचार. एकदा मारतहळ्ळीतल्याच एका आईने तुम्हाला विचारलं होतं, या ॲक्टिव्हिटीने मुलांचं कॉन्सन्ट्रेशन वाढतं का, गणिताला फायदा होतो का. तुम्ही खूप विचार केल्यासारखं करून म्हणालात, "नाही. फणस बाजारात पोचतो." बाई मुलाला पुढच्या आठवड्यात कोडिंगला घालणार होत्या. मूल तुमच्याकडेच राहिलं, कारण त्याने घरी जाऊन वाट्या सरकवायला सुरुवात केली होती आणि आजोबांना त्यात भाग घ्यायला लावलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

वर्ग नीट बसला की तुम्ही एक परीक्षा घ्यायचात. एरवी मुलं गात असताना तुमचा उजवा हात मांडीवर हळूच पडत असायचा, त्यालाही आवाज नसायचा. तिसऱ्या कडव्याच्या आधी तुम्ही मला डोळ्यांनी खूण करायचात, मी पेटीचा भाता बंद करायचो, आणि तुम्ही उठून खोलीबाहेर जायचात. बाहेर व्हरांड्यात पाण्याचा फिल्टर आहे, तिथे तुम्ही स्टीलच्या पेल्यातून सावकाश पाणी प्यायचात. "मी पाणी पिऊन येईपर्यंत फणस चालत राहिला पाहिजे." हात नाही, पेटी नाही, तुम्ही नाही. राहिली फक्त मुलं आणि करवंट्या.

पहिल्यांदा तुम्ही बाहेर गेलात तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं, ती पळायला लागली होती. आधी जरासं, मग अजून जरासं. दोन करवंट्या एका मुलापुढे साचायच्या बेतात होत्या. तुमचा परत आल्यावरचा चेहरा मला आधीच डोळ्यांसमोर दिसला. आणि अक्का, माझी उजवी टाच आपोआप खाली पडायला लागली. टक्क, टक्क. टेबलाखाली, चपलेसकट. मुलं सावरली. तुम्ही आलात, तोंड पुसलंत, आणि तुमचा चेहरा असा खुलला होता की मी टाच खुर्चीखाली ओढून घेतली.

"बघितलंस, पुणेकर? मी नव्हते तरी चालला."

त्यानंतर सात वर्षं दर शनिवारी तुम्ही पाणी प्यायला गेलात आणि मी टाच वाजवली.

यातली गंमत, म्हणजे मला तेव्हा गंमत वाटत नव्हती, अशी की आपला सर्वांत मोठा वाद नेमका याच विषयावर होता. मी म्हणायचो, मुलांच्या आत लय-बिय काही नसते, ती तुमच्या हाताकडे बघतात. हात गेला की संपलं. तुम्ही म्हणायचात, एकदा शेजाऱ्याची सवय झाली की हाताची गरज राहत नाही. मी वाद घालायचो, थोडंफार वाचलेलं सांगायचो. तुम्ही शांतपणे विचारायचात, "मग परवा मी बाहेर गेले तेव्हा कशी चालली?" या प्रश्नाला माझ्याजवळ एक अचूक उत्तर होतं आणि तेवढंच मला देता येत नव्हतं. सात वर्षं तुम्ही माझ्याविरुद्ध माझ्याच लबाडीच्या जोरावर जिंकलात. वाटायचं, म्हाताऱ्या बाईचा विश्वास आहे, असू दे. आणि लगेच वाटायचं, ज्या बाईने मुलांना साधी टाळीसुद्धा वाजवू दिली नाही, तिच्या आयुष्यभराच्या म्हणण्याखाली मी टाच घालून ठेवली आहे.

दवाखान्यात तुम्हाला सांगायचं ठरवून आलो होतो. तुम्ही सलाईनच्या नळीकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, आता काहीतरी गंभीर बोलणार.

"हा थेंब बघ," तुम्ही म्हणालात. "लयीत नाही. दोन नीट पडतो, तिसरा पळतो. सिस्टरला बोलव."

सिस्टर आल्या. तुम्ही त्यांना कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलंत. त्या नळीवरचं चाक फिरवताना तुम्ही चादरीवर हाताने लय दाखवत होता, आणि त्या बिचाऱ्या तुमच्या हाताकडे बघून थेंब जुळवत होत्या. जुळला. त्या मला बाहेर भेटल्यावर म्हणाल्या, आजी गाणं शिकवतात का? मी म्हटलं, नाही, फणस चालवायला शिकवतात. कन्नडमध्ये ते आणखीच विचित्र वाटलं असावं.

आत आल्यावर तुम्ही म्हणालात, "शनिवारचं तू बघ."

"मी? अक्का, मला मुलं जमत नाहीत."

"मुलांना तरी तू कुठं जमतोस? तरी बसतात की."

"मी नुसती पेटी वाजवतो."

"तीही फार चांगली नाही. म्हणूनच म्हणते."

मी नाही म्हटलं. आता कारण सांगतो. मुलं जमत नाहीत हे खरं होतं, पण वर्ग माझ्याकडे आला असता तर पाणी प्यायला मला जावं लागलं असतं, आणि मग टाच कोण वाजवणार? तुमचा वर्ग माझ्या हातात मोडला असता. मी म्हणालो, "अक्का, एक सांगायचं होतं. तुम्ही पाणी प्यायला जाता ना, त्याबद्दल." तेवढ्यात तुमची भाची डबा घेऊन आली, तिच्याबरोबर तिची सासू आली, आणि खोलीत रव्याच्या खिरीवर चर्चा सुरू झाली. निघताना तुम्ही म्हणालात, "सरी, शनिवारी सांग." शुक्रवारी सकाळी भाचीचा फोन आला.

तर, शोकसभा. तुम्हाला हे आवडणार नाही, पण सांगतो. अध्यक्षांना ती भव्य करायची होती. व्यासपीठावर मोठा पडदा, त्यावर तुमचा फोटो, फोटोत पाठीमागे हलणारे ढग. समई, प्रमुख पाहुणे, आणि मुलांचं गाणं.

"कोणतं बसवताय?" त्यांनी मला विचारलं.

"फणस."

"श्रद्धांजलीच्या सभेत फणस?"

"त्यांना दुसरं येत नाही."

"अहो, भजन बसवा एखादं. आठ दिवस आहेत. माझा भाचा ट्रॅक करून देतो, तबला, बासरी, सगळं येतं त्यात. मुलांनी नुसते ओठ हलवायचे. हल्ली सगळीकडे असंच असतं."

मी सभांमध्ये भांडत नाही, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी भांडलो. ढग मान्य केले, समई मान्य केली, पाहुण्यांची पंचवीस मिनिटं मान्य केली. ट्रॅक मान्य केला नाही. अध्यक्षांना वाटलं, मी तुमच्यावरच्या प्रेमाने बोलतोय. खरं कारण इतकं चांगलं नव्हतं. मला बघायचं होतं. सात वर्षं तुम्ही बरोबर होता की मी, हे कळायची एकच संधी उरली होती, आणि त्यात भाच्याचा तबला आला असता तर ते कधीच कळलं नसतं. तुम्ही चूक ठरलात तर भरल्या सभागृहात, तुमच्या फोटोसमोर, तुमच्याच मुलांकडून ठरणार होता, हेही मला दिसत होतं. दोन रात्री नीट झोप आली नाही. शेवटी कार्यक्रमपत्रिकेवर 'भावपूर्ण बालसमूहगान' असं छापलं, आणि फणसाला मान्यता मिळाली.

मागच्या खोलीत झुंबा होता, म्हणून तालीम खालच्या पार्किंगमध्ये घेतली, स्कूटरींच्या मधे सतरंजी घालून. तुमच्या जागी मी खुर्ची टाकून बसलो आणि मांडीवर हात ठेवला. सर्वांत धाकट्याने, तो गेल्या महिन्यात पाच वर्षांचा झाला, विचारलं, "अक्का पाणी प्यायला गेल्यात?"

"नाही," शेजारच्या चार्वीने सांगितलं, "वारल्या."

"मग परत?"

"परत नाही."

त्याने आपली करवंटी सरळ केली. मग चौदा करवंट्या उचलल्या गेल्या. मी पूर्ण गाणंभर हात हलवला, मुलं नीट गायली, आणि त्यातून काहीच सिद्ध झालं नाही.

सभेच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात समई लागली. दोन मिनिटांचं मौन अध्यक्षांनी पन्नास सेकंदांत संपवलं. ते मौनातही पळतात. प्रमुख पाहुणे निवृत्त अधिकारी होते. ताल हा विश्वाचा आत्मा कसा आहे हे त्यांनी ग्रहांपासून हृदयापर्यंत सांगितलं. तुमचं नाव एकदा घेतलं, तेव्हा कागदाकडे बघितलं. मुलं व्यासपीठावर गोल बसून करवंट्यांच्या कडा नखाने खरवडत होती.

मग त्यांची पाळी आली. मी पेटीवर पहिली ओळ वाजवून सूर दिला. त्यांनी सुरुवात केली. दोन कडवी माझा हात मांडीवर होता. तिसऱ्याच्या आधी मी भाता बंद केला. पायाला मनाई करून खुर्चीवर बसणं शक्य होतं, पण माझ्या पायावर माझा भरवसा नव्हता. म्हणून उठलो, व्यासपीठाच्या बाजूच्या दाराने व्हरांड्यात गेलो, फिल्टरपाशी उभा राहिलो आणि पेला भरून घेतला.

तिथे मी यापूर्वी गाणं चालू असताना कधी उभा राहिलो नव्हतो. सात वर्षांत एकदाही नाही. आत कोणीतरी, बहुधा अध्यक्ष, चपलेने लाकडी व्यासपीठावर ताल देत होतं. ती चप्पल मला इतकी स्वच्छ ऐकू आली, की पेला ओठांपाशीच राहिला. दार बंद असूनही, चौदा मुलांच्या गाण्यातून, एक टाच वेगळी ऐकू येत होती. आणि मागची खोली फिल्टरला याहून जवळ आहे.

म्हणजे, अक्का, तुम्हाला ऐकू येत होतं.

यावर नीट विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतून आधी, मग सगळीकडून. सभागृहात दीडशे माणसं असतील. मोठ्या माणसांना छोटी मुलं गाताना दिसली की राहवत नाही. टाळ्या पहिल्या ओळीला बरोबर होत्या, दुसऱ्या ओळीला किंचित पुढे, आणि चौथ्या कडव्यापर्यंत त्या उताराला लागल्या होत्या. दीडशे माणसांना मजा आली होती. त्या आवाजाखाली मी करवंट्या शोधत होतो. इतक्या मोठ्या आवाजात पाच वर्षांचं पोर काय करणार? मोठ्यांच्या मागे जाणार. मीही गेलो असतो.

टक्क. मग पुरेसा वेळ गेला. टक्क.

मी दाराला कान लावला. टाळ्या पुढे निघून गेल्या होत्या, अर्धी ओळ, मग जवळजवळ एक ओळ. मुलं "हळू रे फणसा" म्हणत होती आणि सभागृह फणसाच्या पुढे बाजाराकडे धावत सुटलं होतं. मग काय झालं असेल, तर पुढे गेलेल्यांना पुढे काही सापडलं नाही. टाळ्या विस्कटल्या. एकेक करून थांबल्या. पाचव्या कडव्याला मागच्या रांगेतल्या काही बायकांनी पुन्हा धरल्या, या वेळी हळू, करवंटीबरोबर. पुढच्या रांगेत एकच टाळी शेवटपर्यंत आपल्या वाटेने जात राहिली. फणस बाजारात पोचला. बाजार उठलेला होता. सगळ्या करवंट्या एकदम खाली आल्या.

पाणी मी त्यानंतर प्यायलो. पेला जाळीवर पालथा ठेवला.

आत गेल्यावर चार्वी माझी वाट बघत उभी होती. आठ वर्षांची आहे, दोन पुढचे दात नुकतेच आलेत, आणि तुमच्यासारखं कमरेवर हात ठेवून बोलते.

"अंकल, तुम्ही बाहेर का गेलात?"

"पाणी प्यायला."

"पायामुळे गेलात ना?"

"कुठल्या पायामुळे?"

"हा." तिने बोटाने माझी उजवी चप्पल दाखवली. "आम्ही त्याच्याकडे बघत नाही. अक्कांनी सांगितलेलं, अंकलचा पाय स्वल्प पळतो, पण त्यांना काही बोलायचं नाही, त्यांना वाईट वाटेल."

"हे कधी सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी. सगळ्यांनाच सांगतात. आधी करवंटी देतात, मग हे सांगतात."

तर अशी ही परिस्थिती होती. मी सात वर्षं तुमच्या मनाला जपत होतो आणि तुम्ही दर वर्षी नव्या मुलांना माझ्या मनाला जपायला शिकवत होता. मी बिघडवलेली परीक्षा तुम्ही आणखी कठीण करून घेतली होती. हात नाही, पेटी नाही, आणि वर एक पळणारा पाय. त्या पहिल्या दिवशी मुलं सावरली ती माझ्या टाचेमुळे की टाच असूनही, हे मात्र आता कोणाला विचारता येणार नाही. मी घरी येऊन माझी टाच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐकली. पळते. जरा नव्हे, बरीच.

मला राग यायला हवा होता. आला नाही. शनिवारी सांगायचं होतं ते तुम्हाला आधीच माहीत होतं, एवढ्याने छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि त्याच्या जागी दुसरं येऊन बसलं: हे सगळं माहीत असूनही वर्ग माझ्याकडे द्यावा असं तुम्हाला वाटलं. मी नाही म्हटलं ते तुमच्याबरोबरचं माझं शेवटचं धड वाक्य. खिरीबद्दल मी नंतर जे बोललो ते धरत नाही.

खोली मागितली. साडेचारची मिळाली नाही, झुंबाची बाई सोडायला तयार नाही. साडेतीनची मिळाली. करवंट्या तुमच्या भाचीने पिशवीसकट दिल्या. मुलांना विचारलं, मी चालेन का. त्यांनी आपसात बोलून सांगितलं की चालेल, पण चप्पल बाहेर काढायची. परवा पहिला वर्ग झाला. दोनदा बेळ्ळंदूर झालं. तिसऱ्या वेळी मी पाणी प्यायला गेलो, आणि तिथे उभा राहून तुमच्याशी पुन्हा बाजाराबद्दल भांडलो. मला अजूनही वाटतं की शेवटचं कडवं बदलायला हवं. तुम्ही अजूनही ऐकत नाही.

सभेचा शेवट सांगायचा राहिला. आभारांच्या आधी प्रमुख पाहुण्यांनी पुन्हा माईक मागून घेतला. ते म्हणाले, मुलं फार गोड आहेत. आम्ही पहिल्या रांगेतून टाळ्यांचा एवढा आधार देत होतो तरी बिचारी सारखी मागे पडत होती, पण लहान आहेत, शिकतील. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं आणि माझ्या हस्ते पाहुण्यांना शाल देण्यात आली.